खारपाणातलं नितळ पाणी

अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा. तिथल्या दगडगोट्यांतून झिरपणारं पाणी गोडं. त्याच्या जिवावर पानमळे आणि पानपिंपरी टिकली. दक्षिणेला दर्यापूरकडे उतरलं की पूर्णेचा खारपाण पट्टा लागतो. अमरावती, अकोला, बुलडाण्यातली 900च्या आसपास गावं त्यात येतात. नदीनं साचवलेल्या खोल, चिकण गाळात मुरलेलं पाणी पुढे सरकत नाही आणि क्षार वाढत जातात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000पर्यंत चालतात. इथल्या कित्येक बोर ही मर्यादाही ओलांडतात. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्रश्न प्रकृतीचाही आहे: बांगलादेशच्या किनारपट्टीवर खारं पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांमध्ये रक्तदाबाचा त्रास जास्त आढळला. खारपाणात मूत्रपिंडाचे रुग्ण गावोगाव भेटतात. ऊन, कमी पाणी पिणं, अंगदुखीच्या गोळ्या, मधुमेह हेही त्याला कारण असू शकतं, म्हणून सगळा दोष खारावर टाकणं घाईचं ठरेल.

मला मात्र जास्त काळजी वाटते ती नायट्रेटची. खार जिभेला कळतो, नायट्रेट कळत नाही. युरिया, उकिरडा आणि शौचालयाच्या खड्ड्यातून ते विहिरीत उतरतं. मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं आणि बाळ निळं पडतं. वरचं दूध पिणाऱ्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका सर्वाधिक. आई काळजीपोटी पाणी चांगलं उकळते. वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेट आणखी दाट होतं.

उकळणं वाया जातं असं नाही. जुलै 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यातच, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं दगावली. तिथे उकळलेलं पाणी जीव वाचवू शकतं. जंतू उष्णतेनं मरतात, क्षार आणि नायट्रेट तसेच राहतात. तुरटीनंही फक्त गढूळपणा खाली बसतो.

आरओ यंत्र क्षार आणि नायट्रेट दोन्ही काढतं, पण त्यातून वाया जाणारं पाणी मूळ पाण्याहून खारट असतं. ते बोरशेजारीच सोडलं तर जमिनीत परत जातं. शहानूर धरणाचं नळाचं पाणी हा त्याहून बरा मार्ग. नळाला पाणी नसेल त्या दिवशी मात्र पाण्याचे गुंड पुन्हा हापशीखाली लागतात, आणि त्या हापशीच्या पाण्यात नायट्रेट किती, हे प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय कोणालाच सांगता येत नाही.