मुलीचे कॉलेज बंद करू नका, तक्रार नोंदवा

आमच्या शेजारची मुलगी लोकलने कॉलेजला जाते. एका संध्याकाळी मगरिबची अजान होऊन बराच वेळ झाला, तरी ती घरी आली नव्हती. आली ती रडतच. गाडी बदलताना पुलाच्या जिन्यावर एका माणसाने तिचा हात धरला होता. ती आपल्या स्थानकावर उतरून चौकीत गेली, तर उत्तर मिळाले, "घटना तिकडे घडली, तक्रारही तिकडेच द्या." घरी अब्बा एवढेच म्हणाले, "बस्स झाले कॉलेज." गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा मुलीला!

अब्बांचा राग समजण्यासारखा आहे. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ चार जण गोळीबारात ठार झाले. त्यांत तीन मुस्लिम प्रवासी होते आणि आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचाच जवान. तेव्हापासून अनेक घरांत गुंडाइतकीच वर्दीचीही धास्ती आहे. पण धास्तीने गप्प बसलो, तर कागदावर काहीच उरत नाही आणि जाब कोणाला विचारायचा हेही कळत नाही.

म्हणून काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात. रेल्वेत दोन दले असतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याचे. विनयभंग, चोरी, मारहाण यांचा गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. मदतीसाठी १३९ किंवा १५१२ लावा. महिला डब्यात पुरुष घुसणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १६२ प्रमाणे गुन्हा आहे. खरे संकट असेल तर साखळी ओढायला कचरू नका. शिक्षा विनाकारण ओढणाऱ्याला आहे.

हद्दीचे कारणही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही हद्दीतील असली तरी घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. विनयभंगाची खबर महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला, तर वरिष्ठांना लेखी कळवता येते.

दुसऱ्या दिवशी मुलीची अम्मी आणि मी तिच्यासोबत गेलो. कलमाचे नाव काढताच खुर्ची मिळाली, महिला पोलीस आली, तक्रार नोंदली गेली. तो माणूस अजून सापडलेला नाही. पण त्या जिन्यावर संध्याकाळी आता एक महिला शिपाई उभी असते.

प्रत्येकाला कलम पाठ असेलच असे नाही. तेव्हा चौकीतल्या शिपायालाच ते पाठ हवे, अंधाऱ्या जिन्यांवर दिवे हवेत आणि संध्याकाळच्या गर्दीत महिला पोलीस दिसायला हव्यात. मोहल्ल्यातल्या जमातींनी, महिला मंडळांनी हे लेखी मागावे.

मुलगी पुन्हा कॉलेजला जाऊ लागली आहे, अल्हम्दुलिल्लाह. अब्बा आता संध्याकाळी स्थानकाबाहेर उभे असतात. पोलीस आपले काम चोख करतील, त्या दिवशी त्यांना घरी बसून चहा घेता येईल.