भुलेच्या जोडीची औषधे

स्कॉट स्मिथ या अमेरिकी भूलतज्ज्ञाने १९४० च्या दशकात स्वतःला क्युरारे टोचून घेतले, भूल मात्र घेतली नाही. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना लावत ते हे विष. थोड्याच वेळात त्यांचे सगळे स्नायू लुळे पडले, श्वासही सहकाऱ्यांना द्यावा लागला. बघणाऱ्याला वाटावे, गाढ झोपलेत. प्रत्यक्षात स्मिथ पूर्ण शुद्धीत होते. आजूबाजूला काय चालले होते ते त्यांनी नंतर सांगितले.

हा जिवावरचा खटाटोप उगाच नव्हता. १९४२ च्या जानेवारीत कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत क्युरारे वापरून दाखवले होते. त्याआधी पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून ईथरसारखी भूल इतकी खोल द्यावी लागे की हृदय आणि श्वास दोन्ही धोक्यात येत. क्युरारेमुळे हलक्या भुलेवर काम भागू लागले. पण हे औषध झोपही आणते का? स्मिथ यांच्या प्रयोगाने उत्तर दिले: अजिबात नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधाबरोबर झोपेचे आणि वेदनेचे औषध वेगळे द्यावेच लागते.

खरी अडचण मात्र शस्त्रक्रिया संपल्यावर सुरू होते. हेन्री बीचर आणि डोनाल्ड टॉड यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा स्नायू सैल करणारी ही औषधे मिळालेल्या रुग्णांत भुलेशी निगडित मृत्यू सुमारे सहापट दिसले. त्यांनी दोष औषधाच्या अंगभूत विषारीपणाला दिला. टीकाकारांचे म्हणणे वेगळे होते, आणि मला तेच पटते: औषधाचा अंमल पुरता उतरण्याआधी रुग्णाला स्वतःच्या श्वासावर सोडले जात होते.

हा अंमल उतरवायचा कसा? मज्जातंतूच्या टोकाकडून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते, तेव्हा स्नायू आकसतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तशी क्युरारेच्या कुळातली औषधे ती जागा अडवतात. अंमल उतरवायला देतात ते निओस्टिग्मिन रुमाल उचलत नाही, गर्दी वाढवते. ते अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन रोखते, त्यामुळे त्याची पातळी वाढते आणि जागा परत मिळते. पण अंमल फार खोल असेल, तर या गर्दीचाही उपयोग होत नाही. शिवाय अ‍ॅसिटिलकोलीन फक्त स्नायूपुरते वाढत नाही. हृदयाचे ठोके मंदावतात, लाळ सुटते. म्हणून सोबत हे परिणाम रोखणारे ग्लायकोपायरोलेट द्यायचे. ऑपरेशननंतर तोंडाला कोरड पडते, त्यामागचे हे एक कारण.

अंमल उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाची, सुगामाडेक्सची, तऱ्हाच निराळी. साखरेच्या आठ रेणूंचे हे कडे क्युरारेच्या कुळातल्या रोक्युरोनियमचा रेणू स्वतःच्या पोकळीत धरून ठेवते. युरोपात त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत २०१५ च्या डिसेंबरात. प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकेही ते काही प्रमाणात पकडते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना नंतर सात दिवस दुसरे साधनही वापरायला सांगतात. ही सूचना डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहिलेली असावी.

भूलतज्ज्ञ ज्याला ‘स्कोलीन’ म्हणतात, त्या स्नायू सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलीनवर मात्र सुगामाडेक्स चालत नाही. एरवी उताऱ्याची गरजही पडत नाही. मिनिटभरात काम करणाऱ्या या औषधाला रक्तातले एक विकर काही मिनिटांत संपवते. मात्र काहींच्यात हे विकर जन्मतःच कमी किंवा सदोष असते. भारतात आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त आढळले आहे. अशा रुग्णाचा श्वास तासन्‌तास परतत नाही. ‘घरात कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का?’ असे तपासणीत विचारतात ते यासाठीही. निओस्टिग्मिन इथे भरवशाचे नाही, कारण ते याच विकराला अडवते. व्हेंटिलेटर चालू ठेवायचा, आणि श्वास परतेपर्यंत झोपेचे औषधही बंद करायचे नाही.