नवा रंधा चालत नाही? आधी पातं पाहा

वाळूजच्या माणसाला मापाचं भय नाही. 1985 साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ सुटे भाग बनवणारी वर्कशॉप्स आली आणि मायक्रॉन हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. म्हणून इथल्या एखाद्या हौशी मशिनिस्टने नवा लोखंडी रंधा घेतला, तर तो लाकडाआधी सरफेस प्लेटवर जातो. तळाखाली फिलर गेज सरकलं, की रंधा नापास!

निकाल घाईचा आहे. पूर्ण तळ आरशासारखा सपाट लागत नाही. पुढचं टोक, तोंडाची कड आणि मागचं टोक एका पातळीत असलं की पुरे. मधे कुठे कागदाएवढा खोलगटपणा चालतो. तोच तोंडाशी असेल तर पात्यापुढचं लाकूड दाबलं जात नाही आणि रेषे उचकटतात. स्टीलची पट्टी तळावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून उजेडात पाहा. पातं आत घ्या, पण आवळलेलंच ठेवा. ते काढून मोजलं तर ओतिवावरचा ताण बदलतो आणि माप फसवतं.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो: नवं पातं म्हणजे धारदार पातं. कारखान्यातून येतो तो साधारण 25 अंशांचा नुसता उतार. पाठ उजेडाकडे तिरकी धरा. ग्राइंडिंगचे ओरखडे थेट धारेपर्यंत गेलेले दिसतील. म्हणजे ती धार नव्हे, बारीक करवत. धारेलगतची पट्टी पाठीकडून सपाट करा, मग 30 अंशांवर पाजवा. पाठीला बर बोटाला लागली की ती उतरवा.

पात्यावर आवळलेली लोखंडी कॅप पातं दाबून धरायलाच असते असंही नाही. ती ढलपी वळवून मोडते. साध्या कामाला धारेपासून एक मिलिमीटर मागे, उलट्या रेषांच्या सागवानाला त्याहून बरीच जवळ. कॅप आणि पात्यात फट राहिली की ढलप्या अडकतात. लोक तोंड लहान समजून कानस चालवतात. घासलेलं तोंड पुन्हा भरून येत नाही.

पातं पुढे-मागे करणाऱ्या चाकाला अर्धा-एक फेरा ढिलाई असतेच. बॅकलॅश तुम्हाला काय सांगायचा? शेवटचा फेरा पातं पुढे नेणाराच घ्या.

चाचणी पॅकिंगच्या पेटीतल्या पाइनवर करणार असाल, तर ‘एचटी’ शिक्क्यावर विसंबू नका. गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवून कीड मारल्याची ती खूण. लाकूड सुकल्याची नव्हे. आणि मोडलेले खिळे आधी शोधा.

परत करावा असा रंधा तीनच कारणांनी: ओतिवाला तडा, पात्याखालची तिरकी बैठक स्क्रू आवळूनही हलणारी, किंवा तळ तोंडाशी खोल. हे पाजवण्याआधी तपासा आणि बिल जपून ठेवा. घासलेलं पातं दुकानदार सहसा परत घेत नाही.