शिक्षकाच्या वेळेचा अग्रक्रम

प्राथमिक शिक्षकाला दिवस अपुरा पडतो, ही तक्रार नवी नाही आणि खोटीही नाही. हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंद, वरिष्ठांकडे पाठवावयाची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीची सभा आणि या सर्वांच्या मध्ये दोन-तीन इयत्तांचा एकत्र वर्ग. यांतून कोणते काम प्रथम करावे, हे बहुधा शिक्षक ठरवीतच नाही. जे काम मोठ्याने मागितले जाते ते आधी होते. भ्रमणध्वनीवर 'तातडीचे' म्हणून आलेला निरोप मोठ्याने मागतो. चौथीत येऊनही अडखळत वाचणारी मुलगी काहीच मागत नाही.

याकरिता अग्रक्रमाची एक कसोटी सुचवावीशी वाटते. कोणत्या कामाची मुदत आधी संपते, असे न विचारता कोणत्या मुलाची मुदत आधी संपते, असे विचारावे. माहितीचा तक्ता एक दिवस उशिरा गेला, तर स्मरणपत्र येते. मुलाच्या बाबतीत स्मरणपत्र येत नाही.

ठाणे जिल्ह्यात ही कसोटी विशेष लागू पडते. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांच्या कामावर जातात. भिवंडी-कल्याण परिसरातील भट्ट्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात आणि आईबापांबरोबर मुलेही तेथेच राहतात. शाळेचे वर्ष जूनच्या मध्यापासून उन्हाळी सुटीपर्यंतचे असते. या मुलांचे वर्ष मात्र दिवाळीच्या सुमारास संपते. त्यातही भातलावणीच्या दिवसांत धाकटे भावंड सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीला घरी राहावे लागते. म्हणजे वार्षिक नियोजनात 'दुसरे सत्र' म्हणून जे लिहिले जाते, ते या मुलांच्या वाट्याला नसतेच. त्यांचे अक्षरवाचन दुसऱ्या सत्रावर ढकलणे म्हणजे ते पुढच्या वर्षावर ढकलणे होय.

म्हणून जूनमध्येच अशा मुलांची नावे काढावीत. कोणते घर कोठे जाते, हे गावातील शिक्षकास ठाऊक असते. परिपाठ संपताच, कोणतेही कागदी काम हाती घेण्यापूर्वी, रोज १५ मिनिटे या चार-पाच मुलांना जवळ बसवून वाचन घ्यावे. इतर मुलांना तेवढा वेळ लेखनकार्य द्यावे. दिवाळीपर्यंत कामाचे ९० दिवस धरले, तर हे साडेबावीस तास होतात. वाचनाचा पाया घालण्यास एवढा वेळ थोडा नाही. दुपारी वेळ मिळाल्यास पाहू, असे म्हटले की तो मिळत नाही, हा बहुतेकांचा अनुभव असेल.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेले. (ही दोन्ही गावे त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत.) आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांचा दिवस गुरे राखण्यात आणि भावंडे सांभाळण्यात जातो, हे या दोघींनी पाहिले. मुलांना वेळ नाही, असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. गुरे चरतात त्या कुरणावरच त्यांनी कुरणशाळा भरविली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. पाळणाघरात बाळ ठेवले की बहीण वर्गात बसू शकत असे. मुलाच्या दिवसाकडे पाहून त्यांनी आपला दिवस आखला.

शिक्षकाच्या स्वतःच्या वेळेसंबंधी कायदा काय म्हणतो, हेही माहीत असावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरविले आहे; शिक्षकाचे किमान ४५ तास आठवड्याला धरले असून त्यांत पाठतयारीचे तास समाविष्ट आहेत. तयारी हे रात्री घरी, डोळे मिटत असताना उरकावयाचे काम नव्हे, असा याचा सरळ अर्थ आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकास लावू नये, असे याच कायद्याचे २७ वे कलम सांगते. हे कलम वाद घालण्यापुरते पाठ करण्याऐवजी आपले वेळापत्रक आखताना समोर ठेवलेले अधिक उपयोगी.

पुष्कळ शिक्षक कल्याण-डोंबिवलीस राहून रोज जा-ये करतात. सकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत मुंबईकडच्या गाडीइतकी दाटी नसते. आसनगावपर्यंत बसावयास मिळाले, तर दुसऱ्या दिवशीचे पाठ पाहून होतात. मुरबाडच्या एस. टी. त वाचणे कठीण. तेथे डोळे मिटावेत, तोही वेळेचा सदुपयोगच आहे. घरच्या माणसांसाठी राखलेली संध्याकाळ मात्र उरलेला वेळ म्हणून मोजू नये. माहितीचे निरोप पाहण्यास शाळा सुटल्यानंतरची अर्धी घटका ठरवून ठेवली, तर ती संध्याकाळ बहुधा वाचते.

स्थलांतर करणाऱ्या मुलांची शिक्षण हमी कार्डेही याच हिशेबात बसतात. ती सुटीनंतर भरावयास घेतली, तर मूल भट्टीवर गेलेले असते. सहामाही परीक्षेच्या आठवड्यातच ती भरून पालकांच्या हाती द्यावीत व मुलाला कोठपर्यंत वाचता येते, हे त्यासोबतच्या चिठ्ठीवर दोन ओळींत लिहावे.