कन्व्हर्टर मेला, पण मारला कोणी?

चेक इंजिनच्या दिव्यामागे असलेल्या शेकडो कोडांपैकी आज एकच घेऊ : पी०४२०. पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेली आहे, एवढंच तो सांगतो. स्कॅनरवर हा आकडा उमटला की गॅरेजमध्ये बहुधा दोनपैकी एक सल्ला मिळतो : कन्व्हर्टर बदला, नाहीतर आधी मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलून बघू. पहिला सल्ला महाग आहे. दुसरा स्वस्त असला तरी तर्काला धरून नाही. दोन्हींत उणीव मात्र एकच : कोडात ज्याचं नाव आलं तोच दोषी, असं धरून चालणं. कन्व्हर्टर खरोखर निकामी झालेला असू शकतो. पण तो क्वचितच आपल्या मरणाने मरतो. त्याला मारणारी गोष्ट बहुतेकदा त्याच्या आधी, इंजिनाच्या बाजूला असते, आणि तपास तिथूनच सुरू व्हायला हवा.

त्यासाठी संगणक या निष्कर्षाला कसा पोचतो ते पाहावं लागेल. धुरातले विषारी वायू मोजणारं यंत्र साध्या पेट्रोल गाडीत नसतं. असतात ते दोन ऑक्सिजन सेन्सर, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राहावं म्हणून संगणक मिश्रण सतत किंचित पातळ, किंचित जाड करत असतो; त्यामुळे पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ या पट्ट्यात खालीवर होत राहतं. (बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याची भाषा निराळी; पण मागचा सहसा जुन्याच जातीचा.) कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंबरोबर सेरियमचं ऑक्साइडही असतं, आणि ते ऑक्सिजन साठवून ठेवतं. नगरपालिकेचं पाणी कधी जोरात, कधी बारीक आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातल्या नळाची धार एकसारखी राहते, तसा मागच्या सेन्सरचा आकडा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर राहतो. टाकी गाळाने भरली की नळही पुरवठ्यासारखाच वागू लागतो. मागचा सेन्सर पुढच्याच्या तालावर नाचू लागला, म्हणजे साठवण संपत आली. साठवण संपत आली, म्हणजे शुद्धीकरणही घटलं असणार. पी०४२० हे असं अनुमान आहे, मोजमाप नव्हे. म्हणून बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत तेच दिसल्याशिवाय दिवा लागत नाही.

आता मागच्या सेन्सरवरचा संशय तपासू. ऑक्सिजन सेन्सर जुना झाला की बहुधा सुस्तावतो. त्याची रेघ सपाट होते. सपाट रेघ म्हणजे तर चांगल्या कन्व्हर्टरची खूण! म्हणजे म्हातारा सेन्सर कन्व्हर्टरचा दोष झाकेल, उगाच आरोप करणार नाही. तो बदलून हा कोड गेल्याची उदाहरणं क्वचित मिळतील, पण तो पहिला उपाय नव्हे. खोटा आरोप होण्याचं खरं कारण वेगळं असतं : एक्झॉस्टच्या जोडात किंवा गॅस्केटमध्ये पडलेली बारीक फट. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला नसलेला ऑक्सिजन दिसतो. धूर सोडून गळती शोधणं हे कन्व्हर्टरच्या किमतीपुढे फार किरकोळ काम आहे.

फट नाही आणि मागची रेघ खरोखर नाचते आहे, तर कन्व्हर्टर दमला आहे हे मान्य. मग तो कशाने दमला? प्लग किंवा इग्निशन कॉइल कमजोर असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळण्याइतकी उष्णता होऊ शकते. दिवा लुकलुकतो तेव्हा संगणक याच धोक्याची सूचना देत असतो. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस धातूंवर थर धरतो. हेड गॅस्केटमधून झिरपणारं कूलंटही तेच करतं. या साऱ्याचा माग स्कॅनरमध्ये थोडाफार राहिलेला असतो. फ्रीझ फ्रेममध्ये कोड पडला त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार नोंदलेला असतो. फ्युएल ट्रिममध्ये संगणकाला नेहमीच्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा घटवावं लागतं आहे ते दिसतं. इथे आपल्याकडची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. ई-२० पेट्रोलला हवा कमी लागते, त्यामुळे ट्रिम चार-पाच टक्के वर सरकणं स्वाभाविक आहे. वीस टक्के नाही. आणि बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत किटची जुळणी चुकली असेल, तर गॅसवर शिकलेली चुकीची दुरुस्ती संगणक पेट्रोलवरही लावतो. अशा गाडीत नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी किटचं ट्यूनिंग तपासलेलं बरं.

यावर गॅरेजवाल्याचा आक्षेप रास्त आहे : एवढा तपास करायचा, त्याचे पैसे कोण देणार? पण ट्रिम आणि मिसफायरच्या नोंदी वाचायला काही मिनिटं लागतात, आणि मूळ दोष तसाच राहिला तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो. दुसरा आक्षेप गाडीमालकाचा : पीयूसी पास आहे, गाडी छान पळते, मग दिवा कशाला मनावर घ्यायचा? पीयूसीत काही मिनिटं उभ्या गाडीचा धूर तपासतात. घाटात, गर्दीत, थंड इंजिनावर काय होतं ते तिथे कळत नाही. दिव्याचा निकष वेगळाच आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झालेल्या ओबीडी-२ नियमांत प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याच्या सुमारास दिवा लागावा अशी कल्पना होती. भारतात ओबीडी-२ मोटारींना २०१३ पासून आलं, मर्यादा निराळ्या असल्या तरी तत्त्व तेच. तिसरा मार्ग सर्वांत लोकप्रिय, तो म्हणजे कोड पुसणं. पुसल्यावर दिवा विझतो खरा, पण फ्रीझ फ्रेमही जाते आणि संगणकाच्या सगळ्या चाचण्या पुन्हा शून्यावर येतात. कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण व्हायला गरम इंजिनावर काही काळ एकसारख्या वेगाने चालवावं लागतं. शहरातल्या गाडीला ते आठवडाभरही जमत नाही. तेवढे दिवस दिवा विझलेला दिसतो, आणि दुरुस्ती झाली असं वाटतं.

कधी कधी कन्व्हर्टर केवळ वयाने, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने थकतो, हेही खरं. ट्रिम शून्याजवळ, मिसफायरची नोंद नाही, ऑइलची पातळी महिनोन्महिने ढळत नाही, गळती नाही, आणि तरी मागची रेघ नाचते : एवढं जुळलं तर बदलायला हरकत नाही. तापमानाची बंदूक लावून आधी आणि नंतरच्या उष्णतेतल्या फरकावरून निकाल देण्याची पद्धत मात्र टाळावी. स्वच्छ जळणाऱ्या नव्या इंजिनात चांगल्या कन्व्हर्टरमध्येही हा फरक नगण्य असू शकतो. बाटलीतून टाकीत ओतायची औषधं वितळलेली जाळी पुन्हा जोडत नाहीत. बदलल्यानंतर कोड पुसून गाडी लगेच ताब्यात घेऊ नये, कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण झाल्याचं स्कॅनरवर दिसेपर्यंत चालवून मग बिल चुकतं करावं. डिझेल गाड्यांतल्या काजळीच्या फिल्टरचा हिशेब वेगळा आहे, तो पुढच्या आठवड्यात.