गाळलेले नाव

इजिप्त देशात अबायडॉस येथे सेती राजाने सुमारे ३३०० वर्षांपूर्वी बांधलेले एक देवालय आहे. त्याच्या एका भिंतीवर राजा आपल्या लहानग्या पुत्रासह उभा असलेला दिसतो. पुत्राच्या हातात लेखाची गुंडाळी आहे. तो पूर्वजांची नावे वाचीत आहे. समोर दोन ओळींत ७६ नावे कोरलेली असून शेवटचे नाव खुद्द सेतीचे आहे.

इतिहास लिहिणारास याहून सोयीचे साधन कोणते? परंतु मुलांनो, ही यादी इतिहासासाठी कोरलेली नव्हे. ज्या पूर्वजांना नैवेद्य अर्पण करावयाचा, त्यांचीच ती नावे. जे नकोसे वाटले, ते गाळले. जुने देव दूर सारून एकट्या सूर्यबिंबाची उपासना करणारा आखेनातेन तीत नाही, बालराजा तुतनखामेन नाही, आणि हॅटशेपसुट राणीही नाही.

हॅटशेपसुट ही दुसऱ्या थटमोसची राणी. पतीच्या निधनानंतर सावत्र पुत्र तिसरा थटमोस अगदी लहान असल्यामुळे तिने कारभार हाती घेतला, आणि पुढे स्वतःच राजपद धारण केले. वीस वर्षांहून अधिक काळ तिने राज्य केले. दूरच्या पुंट देशी गलबते पाठवून धुपाची झाडे मुळांसकट आणविली. ती वारल्यावर पुष्कळ वर्षांनी, तिसऱ्या थटमोसच्या अखेरच्या काळात, तिची चित्रे व नावे छिन्नीने खरवडण्यात आली. नाव हा माणसाचाच एक अंश असून ते उच्चारले जाते तोवर मृत मनुष्य परलोकी जिवंत राहतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. मग नाव खरवडणे ही केवढी भयंकर गोष्ट!

इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे फ्रेंच पंडित शांपोलियाँ याने १८२२ मध्ये सोडविले. १८२९ मध्ये तो देर अल् बहरी येथील तिच्या देवालयात गेला. तेथे त्याला राजवेष धारण केलेली, दाढी लावलेली आकृती दिसली. पण भोवतालच्या लेखात शब्द मात्र स्त्रीलिंगी! ‘महाराज आल्या’ असे कोणी लिहिले, तर तुम्ही थबकाल की नाही? तोही तसाच थबकला. त्या भाषेत स्त्रीलिंगाची खूण म्हणून भाकरीच्या आकाराचे एक लहानसे अक्षर शब्दाच्या शेवटी येते. खरवडणारांच्या छिन्नीतून ते ठिकठिकाणी निसटले होते. शांपोलियाँने काढलेला निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. पण विसंगती लपविण्याऐवजी त्याने ती नमूद केली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

पुढील अभ्यासकांनी इतर साधने ताडून पाहिली. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात मनेथो नावाच्या इजिप्शियन पुरोहिताने ग्रीक भाषेत आपल्या देशाचा इतिहास लिहिला होता. तो ग्रंथ नष्ट झाला. इतरांनी केलेले उतारे तेवढे उरले. त्यांपैकी एकात याच सुमारास २१ वर्षे ९ महिने राज्य करणाऱ्या एका राणीचा उल्लेख आहे. तिचे नाव तेथे निराळे आहे. पण ती हॅटशेपसुटच असावी, असे अभ्यासक मानतात. शिवाय खरवडणारांनी आकृतीच्या कडेकडेने छिन्नी चालविल्यामुळे भिंतीवर कित्येक ठिकाणी तिची बाह्याकृती तशीच राहिली होती.

आजच्या कोशांतील राजांच्या कोष्टकांत हॅटशेपसुटचे नाव आढळते. अबायडॉसच्या भिंतीवर मात्र दुसऱ्या थटमोसला लागूनच तिसरा थटमोस आहे. मध्ये बोटभरही जागा मोकळी नाही.