फिकट रंगांची परीक्षा

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात काउंटरवर एक रफ पॅड पडलेलं असतं. त्यावर गिऱ्हाइकांनी पेन चालतं का ते बघायला मारलेल्या रेघोट्या, सह्या, वेटोळी. आणि अलीकडे त्यांच्या जोडीला पिस्ता, पीच, लव्हेंडर, राखाडी असे फिकट पट्टे. हायलायटर घेण्याची बहुतेकांची रीत एवढीच: टोपण काढायचं, कोऱ्या कागदावर पट्टा ओढायचा, रंग आवडला की पैसे द्यायचे.

पण हायलायटर कोऱ्या कागदावर वापरायची वस्तूच नाही. त्याचं काम छापील किंवा लिहिलेल्या अक्षरांवर. म्हणून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एखादी जाणती मुलगी दुकानात येते ती स्वतःचा कागद घेऊन. क्लासच्या झेरॉक्स नोट्सचं एक पान, रोजच्या वहीचं एक पान आणि रोज लिहायचं जेल पेन. "काका, पेस्टलमध्ये सुटे आहेत का? माझ्या पानावर एकदा ओढून बघू?" काकांचं उत्तर ठरलेलं: "बघ, पण टोक काळं करू नकोस."

काकांची काळजी रास्त आहे. ओल्या शाईवरून फिरवलेलं टोक ती शाई उचलतं आणि पुढच्या पट्ट्यावर सोडतं. आणि तोच हायलायटर त्यांना पुढे विकायचा असतो.

हायलायटरचा जन्म भडक रंगातच झाला. अमेरिकेतल्या कार्टर्स इंक कंपनीने १९६३ मध्ये 'हाय-लायटर' बाजारात आणला आणि १९७१ मध्ये जर्मनीच्या श्वान-स्टॅबिलोने आपला चपटा, बुटका 'बॉस'. फ्लोरोसंट पिवळा ही त्या सगळ्या घराण्याची ओळख. या पिवळ्यात अनेकदा पायरॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. डोळ्यांना न दिसणारी अतिनील किरणं आणि थोडा निळा प्रकाश ते शोषतं आणि तीच ऊर्जा हिरवट-पिवळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतं. त्यामुळे पट्टा आजूबाजूच्या पांढऱ्या कागदापेक्षाही उजळ भासतो. एका पानावर असा एक पट्टा असेल तर नजर थेट तिथे जाते. दहा असतील तर नजरेला थाराच राहत नाही.

जपानच्या झेब्रा कंपनीने २००९ मध्ये 'माइल्डलायनर' आणला तो नेमका उलट विचार करून. १८९७ मध्ये टाकाच्या निबा बनवण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी. पांढरट, अर्धपारदर्शक नळी, एका टोकाला तिरकस कापलेली जाड निब, दुसऱ्या टोकाला बारीक गोल निब आणि आत दबलेला, किंचित राखाडीकडे झुकणारा रंग. पुढे इन्स्टाग्रामवर आपल्या वह्यांचे फोटो टाकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो जगभर पोचवला. स्टॅबिलोने 'बॉस'चे पेस्टल रंग काढले, फेबर-कॅसलने टेक्स्टलायनरचे काढले, लक्झरनेही काढले. कॅम्लिन ही १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत उभी केलेली कंपनी. २०११ पासून तिची सूत्रं जपानी कोकुयोकडे आहेत. टोकियो-ओसाकाच्या स्टेशनरीची चव मराठी काउंटरला लागली ती अशा अनेक वाटांनी.

पेस्टल लिहिलेला प्रत्येक हायलायटर खरोखर मवाळ असतोच असं नाही. काहींमध्ये फ्लोरोसंट रंगच पातळ करून भरलेला असतो. हे ओळखायची सोय दुकानातच असते: नोटा तपासायचा जांभळा दिवा. त्याखाली साधा पांढरा कागद निळसर चमकतो, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी द्रव्यं घातलेली असतात. फ्लोरोसंट पट्टा त्याहून झगझगीत पेटतो. साध्या रंगद्रव्याचा मवाळ पट्टा मात्र तिथे काळवंडल्यासारखा दिसतो. दोन तास टेबल-लँपखाली तेच पान वाचायचं असेल तर हा फरक कामाचा.

दुसरी परीक्षा अक्षरांची. फिकट रंग दोन तऱ्हांनी साधतो. एकात शाई पारदर्शक असते, नुसता रंग कमी. दुसऱ्यात ती दुधाळ असते. दुधाळ शाई कोऱ्या कागदावर फार देखणी दिसते, पण काळ्या छपाईवर पातळ पडदा धरते. झेरॉक्सच्या ओळीवर अर्ध्यापर्यंतच पट्टा ओढायचा आणि दोन्ही अर्ध्यांतला काळेपणा ताडून बघायचा. पट्ट्याखालचं अक्षर करडं झालं असेल तर रंग कितीही गोड असो, पेन परत काउंटरवर.

मग शाईचं भांडण. हायलायटरची शाई बहुतेक वेळा पाण्यावर आधारलेली असते. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटचा टोनर म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी, तिला पाण्याचं काही वाटत नाही. बॉलपेनची शाई तेलकट, तीही सहसा टिकते. फाउंटन पेनची धुता येणारी निळी शाई मात्र हायलायटर लागताच पसरते, आणि घरच्या इंकजेट प्रिंटरचंही अनेकदा तेच होतं. जेल पेनचा भरवसा पेनागणिक वेगळा. काही जेल शाया वाळल्यावर हलत नाहीत, काही दुसऱ्या दिवशीही हाताला लागतात. म्हणून ती मुलगी आधी स्वतःच्या पेनाने एक ओळ लिहिते, दुकानातल्या गर्दीत दोन गिऱ्हाइकं होईपर्यंत थांबते आणि मगच त्यावर पट्टा ओढते, तोही एका दमात, पुढे-मागे न घासता. अक्षरांच्या कडेला निळसर धूर दिसला की पेन किंवा हायलायटर, दोघांपैकी एकाला बदलणं आलं. फिकट रंगात एक पळवाटही आहे: आधी पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर लिहायचं. शीर्षकांसाठी ही युक्ती भडक हायलायटरपेक्षा मवाळ रंगांना जास्त शोभते.

वहीचा कागद उलटून बघायचा तोही इथेच. साठ जीएसएमच्या आसपासच्या स्वस्त वहीत पट्टा मागच्या पानावर सावलीसारखा उमटतो. सावली चालते, ओल झिरपलेली चालत नाही. जाड निब एकाच जागी क्षणभर टेकवून धरली की झिरपतं की नाही ते लगेच कळतं. कागद पिवळसर क्रीम असेल तर फिकट पिवळा आणि पीच दोन्ही त्यात हरवतात. तिथे निळा, हिरवा, जांभळा उठून दिसतात. अभ्यासिकेत पिवळ्या उजेडाचे बल्ब असतील तरी हेच होतं. दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबखाली वेगवेगळे दिसलेले दोन रंग घरी जुळे निघतात.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे, जी जपानी किंवा जर्मन कंपनीच्या पाकिटावर लिहिलेली नसते. हायलायटरची जाड निब साधारण चार-पाच मिलिमीटरचा पट्टा देते. इंग्रजी ओळ त्यात आरामात मावते. मराठीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. पुस्तकाचा टाइप जरा मोठा असला की पट्टा एक तर वरची मात्रा सोडतो, नाहीतर खालचा उकार. तरी नुसत्या अधोरेखेपेक्षा पट्टाच बरा, कारण बारीक निबेची रेघ थेट उकारांतून जाते आणि 'कु'चा 'कू' होतो की काय अशी शंका येत राहते. पट्ट्याची वरची कड शिरोरेषेच्या किंचित वर धरली की ओळ नीट बसते. हाताला ही सवय एखाद्या प्रकरणात होते.

रंग किती घ्यायचे? पाचचा संच समोर असतो आणि पाचही हवेसे वाटतात. उत्तर रंगात नाही, विषयात आहे. पंचायत राज घ्या. १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम, १ मे १९६२ पासून त्याचा अंमल, १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू, अकराव्या अनुसूचीत २९ विषय. एवढ्या मजकुरात विसरायला होतात ते दोनच प्रकार: समित्यांची नावं आणि तारखा. समित्यांना राखाडी-निळा, तारखांना पीच, घटनादुरुस्ती आणि अनुसूचीचे क्रमांक वाटल्यास हिरव्यात. २९ विषयांची यादी रंगवायची नाही. ती समासात स्वतःच्या हाताने लिहायची. तीन रंगांत काम भागतं. चौथा आणला की तो कशासाठी होता हे आठवायला पहिल्या पानावर सूची लागते, आणि पाचवा नुसता सजावटीला उरतो.

हा हिशेब मवाळ रंगांत जास्त कडक ठेवावा लागतो. भडक पिवळा चार ओळींनंतर स्वतःच डोळ्यांना बोचतो आणि हात आवरतो. फिकट रंग बोचत नाही, म्हणून परिच्छेदच्या परिच्छेद रंगतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवलं होतं की एकसारख्या गोष्टींच्या गर्दीत वेगळी दिसणारी गोष्ट जास्त लक्षात राहते. सगळं पानच रंगलं तर वेगळं काही उरत नाही. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा हायलायटिंगला त्यांनी कमी उपयोगाच्या गटात टाकलं. वरच्या गटात होत्या स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणं. म्हणून काहीजणी पहिल्या वाचनाला हायलायटर हातातच घेत नाहीत. पुस्तक मिटून आठवून बघतात आणि जे आठवलं नाही तेवढ्यालाच रंग देतात.

डायरीत नियम बदलतात. रायडर कॅरोल यांनी मांडलेल्या बुलेट जर्नलच्या धर्तीवर वही ठेवणाऱ्यांना लक्षात ठेवण्यापेक्षा सापडणं महत्त्वाचं असतं: महिन्याचं पान, सवयींचे चौकोन, खर्चाची बेरीज. तिथे राखाडी मवाळ हायलायटर फार कामाचा. काळ्या पेनाने लिहिलेल्या शीर्षकाच्या उजव्या-खालच्या कडेने त्याची बारीक निब फिरवली की अक्षराला सावली येते. खोडता येणारा पायलटचा 'फ्रिक्सियन लाइट'ही मवाळ रंगांत मिळतो, पण त्याची शाई घासल्याच्या उष्णतेने नाहीशी होते, साधारण साठ अंशांच्या पुढे. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या वहीचे पट्टे उडू शकतात. दोन निबांचा हायलायटर ड्रॉवरमध्ये आडवा ठेवावा. आतली शाई एकाच बोळ्यातून दोन्ही टोकांना जाते आणि उभा ठेवला तर वरचं टोक लवकर कोरडं पडतं.

एक परीक्षा दुकानाबाहेरची. नोट्स कधी ना कधी मैत्रिणीकडे जातात आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून परत येतात. कृष्णधवल झेरॉक्समध्ये फिकट पिवळा आणि फिकट निळा सहसा गायब होतो, जांभळा आणि राखाडी करडे होऊन अक्षरांवर बसतात. मोबाइलवर स्कॅन करणारी अॅपं पान पांढरं करण्याच्या नादात पेस्टल पट्टे पुसूनच टाकतात. ज्यांच्या नोट्स फिरतात त्यांनी पट्ट्याच्या जोडीला समासात पेनाची एक उभी रेघ मारलेली बरी. आणि खरेदी? ती मुलगी शेवटी राखाडी-निळा आणि पीच असे दोन सुटे घेते. हिरवा तिच्या जेल पेनाशी पटला नाही, म्हणून काकांना परत देताना त्याचं टोक रफ पॅडवर दोनदा ओढून पिस्ता रंग पुन्हा स्वच्छ उमटेपर्यंत पुसते.